उष्टा घास आणि पोटातला जंतू

बाळाला दात आलेले नसतात. मग आजी भाकरीचा तुकडा स्वतः चावते, त्याचा मऊ लगदा करते आणि बोटाने त्याच्या तोंडात सारते. त्या घासात किती माया असते, हे मी जवळून पाहिलंय. तरीही सांगायला हवं, की हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूला आजीच्या पोटातून नातवाच्या पोटात न्यायला हा घास पुरेसा ठरू शकतो.

पोटात आग पडली की आपण मिरचीला किंवा टेन्शनला दोष देतो. डॉक्टरही पूर्वी तेच म्हणत. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या डॉ. बॅरी मार्शल यांनी, खरा दोष या जंतूचा आहे हे दाखवायला, या जंतूंचं पाणी चक्क पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज आलेली. २००५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना या शोधासाठी नोबेल मिळालं.

हा जंतू आपल्या शरीरातल्याच युरिया या पदार्थापासून अमोनिया बनवतो. त्यामुळे भोवतालचं आम्ल निवळतं आणि तो जठराच्या चिकट अस्तरात मुक्काम ठोकतो. तिखटाने जळजळ वाढेल, पण तिखट खाऊन हा जंतू पोटात शिरत नाही. तो बहुधा लहानपणीच येतो आणि उपचार झाले नाहीत तर जन्मभर राहतो. म्हणून काल काय खाल्लं यापेक्षा लहानपण कसं गेलं, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. एका खोलीत किती जण झोपायचे? भावंडं किती? पाणी कुठलं, संडास कसा? आईला हा संसर्ग होता का? लाळ, उलटी, विष्ठा या वाटांनी तो बहुधा घरातल्या घरातच पसरतो.

जपानमध्ये १९५० पूर्वी जन्मलेल्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के लोकांत तो सापडत असे. आजच्या जपानी मुलांत हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आहे. मधल्या काळात स्वच्छ पाणी आलं, घरं मोकळी झाली, कुटुंबं लहान झाली.

संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो, आणि थोड्या जणांना पुढे जठराचा कर्करोग. त्यात आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्या, तर अल्सरचा धोका आणखी वाढतो. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून जंतू कळतो. मात्र त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची रोजची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.