रातांबा बागेत यायला इतका उशीर का लागला

कोकणात आंब्याची बाग असते, माडाची असते. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बाग मात्र अगदी अलीकडेपर्यंत कुणी लावत नसे. झाड परड्याच्या कडेला, वहाळाच्या काठाला, मोठ्या झाडांच्या सावलीत आपसूक उगवायचं. वैशाखात फळं उतरवायची, वर्षाची आमसुलं करायची, की संपलं.

ओळख मात्र जुनी. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने या फळाची नोंद केली आहे: आत रक्तासारखं लाल, चवीला फार आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचं. गोव्यातल्या 'भिरंड' या नावावरूनच पोर्तुगीजांनी त्याला 'ब्रिंदांव' म्हटलं.

मग लागवड का नव्हती? पहिलं कारण झाडातच आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. रोप बियांपासून केलं तर फुलायला सात-आठ वर्षं लागतात, आणि तोवर कुठलं काय ते कळत नाही. साधारण निम्मी झाडं नर निघतात. निम्मी जमीन अशी अडकवायची कोणाची तयारी असणार? दुसरं कारण पावसाचं. फळं एप्रिल ते जूनमध्ये पिकतात. उशिरा पिकणारं झाड मृगात सापडलं की फळ भिजून सडतं आणि साल वाळवायला ऊन उरत नाही. चांगलं पीक आलेलं असूनही ते असं वाया जायचं.

यावर उपाय ठरलं ते मृदुकाष्ठ (कोवळ्या फुटीवर बांधायचं) कलम, आणि ते रुजवण्याचं श्रेय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला द्यायला हवं. बियांपासून वाढवलेल्या खुंटावर, म्हणजे खालच्या रोपावर, खात्रीच्या मादी झाडाची काडी पाचर पद्धतीने बांधतात. खुंटासाठी बी ताजंच पेरावं लागतं. वाळलं की ते रुजत नाही. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीचीच हवी. आडव्या फांदीची घेतली तर कलम जगतं, फळही देतं, पण शेंडा न धरता जमिनीलगत पसरत राहतं. ही चूक आजही सर्रास होते. विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात 1997 साली आली. तिचं मोठं मोल असं की बहुतेक फळ पावसाआधी हाती लागतं. लागवड 6 बाय 6 मीटरवर करतात आणि परागीभवनासाठी बागेत दहा टक्के नर झाडं ठेवतात. कलमं साधारण पाचव्या वर्षी धरू लागतात.

आमसुलाची रीत मात्र फारशी बदललेली नाही. पूर्ण लाल फळ धुऊन कापायचं, बी-गर वेगळा करून मीठ घालून ठेवायचा आणि साली उन्हात टाकायच्या. संध्याकाळी त्या सुटलेल्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा वाळत घालायच्या. अशी पाच-सहा पुटं बसली की साल काळपट, मऊ आणि चिवट होते. मीठ कमी पडलं किंवा मध्येच ढग आले तर बुरशी धरते. भांडं चिनी मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्यावं. आम्लाने अॅल्युमिनियम आणि लोखंड खाल्लं जातं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, टिकवायचं तर एक किलो रसाला 160 ग्रॅम मीठ धरतात. सरबताच्या अमृत कोकमाला मीठ नाही, एक भाग सालीला दोन भाग साखर.

उरलेलं बी फोडून, वाटून पाण्यात उकळलं की तूप वर येतं. ते थंड झाल्यावर हाताने मुटके वळतात. हेच मुठेल, भेगाळलेल्या टाचांचं औषध. शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळणाऱ्या या तुपाला युरोपीय संघाने 2000 सालच्या नियमात चॉकलेटमध्ये मान्यता दिली. कोकोच्या लोण्याखेरीज चालणाऱ्या सहा वनस्पतिज स्निग्धांत ते एक आहे, आणि या सहांचं प्रमाण मिळून पाच टक्क्यांपर्यंतच चालतं. मात्र बी नीट न सुकवता पावसाळी हवेत ढिगाने ठेवलं तर तूप खवट निघतं, आणि मग ते ना चॉकलेटला चालत, ना टाचांना.