ग्रेट सायलेन्स, द

सर्जिओ कोर्बुच्ची या इटालियन दिग्दर्शकाचा १९६८ सालचा स्पॅगेटी वेस्टर्न. मूळ नाव ‘इल ग्रान्दे सिलेन्झिओ’. अशा, म्हणजे इटलीत बनलेल्या, वेस्टर्नपटांचा विषय निघाला की सर्जिओ लिओने आणि त्याची डॉलर-त्रयी (‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’पासूनचे तीन चित्रपट) यांच्यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. दुसऱ्या सर्जिओचा ‘जँगो’ (१९६६) तरी पुष्कळांनी पाहिलेला असतो, हा चित्रपट मात्र मागे राहिला. दोहोंत सरस हाच.

या प्रकारातले चित्रपट एरवी स्पेनमधल्या अल्मेरियाच्या रखरखीत उन्हात घडतात. इथे पहिल्या दृश्यापासून बर्फ आहे. कथा १८९८ सालच्या युटामधली असली तरी चित्रीकरण झाले इटलीतल्या डॉलोमाइट पर्वतांत. गावातले बरेचसे प्रसंग रोमजवळच्या एलिऑस स्टुडिओत घेतले आणि तिथे बर्फाच्या जागी दाढीचा फेस वापरला. घोडे पोटापर्यंत रुततात, धावता येत नाही, झटापटीतली ऐट निघून जाते. माणसे नुसती धडपडताना दिसतात.

उपासमारीने गाव सोडून डोंगरात लपलेले लोक कायद्याच्या नजरेत फरारी आहेत. त्यांच्या डोक्यावर बक्षीस आहे आणि ते मिळवायला बाउंटी हंटर टपलेले आहेत. या हंटरांचा म्होरक्या लोको मारलेल्यांची प्रेते बर्फात पुरून ठेवतो आणि बक्षीस वसूल करायला नेताना घोडागाडीच्या टपावर लादतो. क्लाउस किन्स्कीने त्याला आरडाओरडा न करता, गोड हसत, हिशेबी कारकुनासारखा उभा केला आहे. आपण करतो ते सगळे कायदेशीर आहे, हे तो पुन:पुन्हा सांगतो, आणि ते खरेही असते. चित्रपटाचा सगळा विखार या एका गोष्टीत आहे.

नायक सायलेन्स मुका आहे. लहानपणी आईबापांना मारणाऱ्यांनी त्याचा गळा चिरलेला असतो. ‘अ मॅन अँड अ वूमन’मुळे गाजलेल्या ज्याँ-लुई त्रँतिन्याँने एकही शब्द न उच्चारता ही भूमिका केली. सायलेन्सही कायद्यातच खेळतो. समोरच्याला डिवचतो, पिस्तूल त्याला आधी काढू देतो, मग आपल्या माउझर पिस्तुलाने गोळी घालतो, म्हणजे खून न ठरता स्वसंरक्षण ठरते. कोणी शरण आलाच तर त्याचा अंगठा उडवतो. पुन्हा बंदूक धरायला नको. व्होनेटा मॅगी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने साकारलेली पॉलिन नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला त्याला एक हजार डॉलरला ठरवते. दोघांतले प्रेम चित्रपट फार हळुवारपणे दाखवतो. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये असे वांशिक सीमा ओलांडणारे नाते विरळाच.

एन्निओ मोरिकोनेचे संगीतही इथे वेगळे आहे. शीळ, चाबूक, आरोळ्या जवळजवळ नाहीतच; मंद, उदास धून बर्फावर पसरत राहते. ज्यांना मोरिकोने म्हटले की फक्त डॉलरपट आठवतात, त्यांनी हे जरूर ऐकावे.

शेवट ठाऊक नसेल तर हा परिच्छेद सोडावा. जखमी हाताने सायलेन्स सामन्याला येतो. लोकोचा साथीदार त्याच्या दुसऱ्या हातावर गोळी घालतो, लोको त्याला ठार करतो, मग पॉलिन मरते आणि ओलीस धरलेल्या फरारींची कत्तल होते. लोको ते माउझर उचलून निघून जातो. निर्मितीच्या वेळी एक सुखान्त शेवटही चित्रित झाला होता: मेला असे वाटलेला शेरीफ ऐन वेळी घोड्यावरून परततो आणि सायलेन्सच्या हातावर लोखंडी पंजा निघतो. तो पाहिला तर हसू येते, इतका चिकटवलेला वाटतो. सुदैवाने कोर्बुच्चीचा मूळ शेवटच टिकला.

अमेरिकेत हा चित्रपट थिएटरात रीतसर लागायला २०१८ साल उजाडले. क्वेंटिन टॅरँटिनोचा ‘द हेटफुल एट’ त्याआधी, २०१५ मध्ये, येऊन गेला होता. त्यातले बर्फ, बाउंटी हंटर आणि घोडागाडीवरची प्रेते कुठून आली, हे कोर्बुच्ची पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.