पेंढा जाळला की मिथेन येतो कुठून?

ऑक्टोबर संपत आला की पंजाब-हरियाणातल्या परालीच्या, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या भाताच्या पेंढ्याच्या, बातम्या सुरू होतात, आणि हल्ली त्यात एक वाक्य हमखास असतं की पराली जाळल्यामुळे मिथेन वाढतो आणि पृथ्वी तापते. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि वाचणारा त्यातून भलतंच काहीतरी समजून बसतो.

आधी कार्बन डायऑक्साईडचं बघू. एक किलो सुका पेंढा जाळला की साधारण दीड किलो सीओटू निघतो, पण तापमानवाढीच्या सरकारी हिशोबात तो धरतच नाहीत, कारण तो कार्बन भाताने त्याच पावसाळ्यात हवेतून घेतलेला असतो आणि पुढचं पीक तेवढाच परत घेतं. मिथेनचं तसं नाही. घेतला सीओटू आणि परत दिला मिथेन, तर वजनाला वजन धरून १०० वर्षांच्या हिशोबाने तो जवळपास २८ पट तापवतो आणि २० वर्षांचा हिशोब केला तर ८० पट.

पण मिथेन तर स्वतःच जळणारा वायू, सीएनजीत तोच असतो, मग आगीतून तो जिवंत सुटतो कसा? मला या सगळ्या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

पेंढा थेट जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडतं, मग अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे सेल्युलोज, लिग्निन वगैरे लांबलचक रेणू तुटायला लागतात आणि त्यातून वायू निघतात, याला पायरॉलिसिस म्हणतात. लिग्निनला मिथॉक्सी नावाचे गट लटकलेले असतात, म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला सीएच३. उष्णतेने तो सीएच३ सुटला आणि आजूबाजूने एक हायड्रोजन मिळाला की झाला मिथेन. म्हणजे तो प्रत्येक आगीत तयार होतो, प्रश्न फक्त पुढे त्याचं काय होतं एवढाच. भडका असेल तर हे वायू ज्वालेतूनच वर जातात आणि मिथेन फॉर्मल्डिहाइड, मग कार्बन मोनॉक्साईड, मग सीओटू असा बदलत जातो. ज्वाला विझून नुसतं धुमसणं उरलं की मात्र जळतो तो कोळशाचा पृष्ठभाग, ५००-७०० अंशांना, त्याची धग शेजारच्या न जळलेल्या पेंढ्याला भाजत राहते, वायू निघत राहतात पण त्यांना पेटवायला ज्वालाच नसते. शिवाय मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तरच पेट घेतो, धुरात तो त्याच्या कितीतरी खाली असतो. मग तो निवांत निसटतो.

म्हणून टीव्हीवर दाखवतात त्या उंच ज्वालांपेक्षा नंतर तासन् तास निघणारा पांढरट धूर मिथेनच्या बाबतीत जास्त वाईट. मोकळा सुका पेंढा भसकन जळून जातो, पण बुडाशी ओली राहिलेली धसकटं आणि जिथे ढीग झालाय तो पेंढा धुमसत बसतो. आपल्याकडे कोकणात, मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात त्यात तर शेण, कवळ (झाडाच्या तोडलेल्या पाल्याच्या फांद्या), गवत असे थर लावून वर बारीक माती पसरतात, मुद्दामच, सावकाश जळावं म्हणून. जमीन चांगली भाजते, तणाचं बी मरतं हे खरंय, पण हवा कमी मिळाल्याने अर्धवट जळलेल्या वायूंना मोकळं रान मिळतं.

 

धुरात मिथेनपेक्षा कार्बन मोनॉक्साईड खूप जास्त असतो. आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) ढोबळ आकडे पेंढ्याच्या किलोमागे २.७ ग्रॅम मिथेन आणि ९२ ग्रॅम मोनॉक्साईड असे आहेत. आता हवेतला मिथेन साफ करतो तो ओएच रॅडिकल, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा अतिशय चपळ तुकडा, जो ओझोन, अतिनील किरण आणि बाष्प यांच्यातून बनतो आणि जेमतेम सेकंदभर टिकतो. हाच ओएच मोनॉक्साईडलाही खातो, आणि मिथेनपेक्षा कितीतरी पटापट खातो. म्हणजे धुरातला मोनॉक्साईड आधीच हवेत असलेल्या मिथेनचं आयुष्य थोडं वाढवतो, आणि हे २.७ च्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

तरीही प्रमाण बघा. हेक्टरी साडेपाच टन पेंढा जळला असं धरलं तर मिथेन निघतो १५ किलोच्या आसपास. एक दुभती गाय वर्षाला साधारण ५० किलो सोडते (ढेकरांतून, लोक समजतात तिकडून नाही), म्हणजे एका गाईची बरोबरी करायला तीन हेक्टरपेक्षा जास्त जाळावं लागेल. भारताच्या शेतीतल्या हरितगृह वायूंमध्ये जनावरांच्या पचनाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, शेतात अवशेष जाळण्याचा जेमतेम २ टक्के. परालीचं खरं पाप म्हणजे बारीक धूलिकण, जे लोकांच्या फुप्फुसात जातात. तिच्यावर मिथेनचं लेबल लावलं की मुद्दा उगाच हलका होतो.

मग जाळू नका, गाडा, असं लगेच म्हणतात. पंजाबात भातानंतर गहू येतो, शेतात पाणी साचत नाही, पेंढा हवेशीर कुजतो, तिथे ठीक. तिथली अडचण वेळेची आहे. भूजल वाचवायला २००९ च्या कायद्याने लावणी जूनमध्ये ढकलली, त्यामुळे कापणी आणि गव्हाची पेरणी यात दोन-तीन आठवडेच उरतात. पण जिथे भातावर भात घेतात, गोदावरी किंवा कावेरीच्या खोऱ्यात, तिथे ताजा पेंढा गाडून वर लगेच पाणी भरलं तर हवा न मिळणाऱ्या चिखलातल्या सूक्ष्मजीवांना आयतं खाद्य मिळतं आणि ते जाळण्यापेक्षा जास्त मिथेन काढू शकतात. पेंढा महिनाभरापेक्षा जास्त आधी गाडला असेल तर आयपीसीसीच्या सूत्रात त्याचा परिणाम एक तृतीयांशाहूनही कमी धरतात, कारण सहज कुजणारा भाग तोवर हवेत कुजून गेलेला असतो.