गाठ नसलेला टाका: शिंपी पक्ष्याचं घरटं

शिंपी पक्षी 6 ते 10 ग्रॅमचा. पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी सदा वर. तो दिसण्याआधी ऐकू येतो. जास्वंदीच्या झुडपातून ‘टुविट् टुविट्’ अशी खणखणीत हाक सुरू झाली की एवढ्याशा जिवाचा हा आवाज यावर विश्वास बसत नाही. ओरडताना मानेवरची गडद कातडी उघडी पडते आणि गळ्याशी काळा डाग दिसतो. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीची मधली पिसं लांब होतात. काटेसावरीच्या फुलांत मध प्यायला गेला, तर परागांनी डोकं पिवळं होतं आणि भलताच पक्षी पाहिल्यासारखं वाटतं.

मादी लिंबू, वांगी, अंजीर अशा झाडाचं रुंद पान निवडते. पान लहान असलं तर दोन-तीन जोडून घेते. कडेला चोचीनं बारीक छिद्रं पाडते आणि त्यांतून कापूस, वनस्पतीचे तंतू किंवा कोळिष्टक ओवते. गाठ मारत नाही. छिद्राबाहेर आलेलं टोक फुलून बोंड होतं, ते मागे सरकत नाही. म्हणजे हा बहुधा सलग दोरा नसून सुटे रिवेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांसारखे टाके, असतात. क्वचित एकाचा तंतू शेजारच्या छिद्रात जातो, तेव्हा ती खरी शिवण वाटते. छिद्रं इतकी बारीक की पान तपकिरी पडत नाही. देठावर जिवंत असलेल्या पानाची वरची बाजू बाहेर राहते, त्यामुळे शेजारच्या पानांत घरटं मिसळून जातं. आत कापसाची मऊ गादी.

एवढं लपूनही उंदीर, मांजर, सरडे आणि भारद्वाज पुष्कळ घरटी लुटतात. करड्या पोटाची छोटी कोकिळा आपलं अंडंही यात घालते.

पावसाळ्यात कुंपण छाटण्याआधी पानांच्या कडा पाहाव्यात. ओळीनं पांढरे ठिपके दिसले तर ती फांदी सोडावी. पान उलगडून आत डोकावू नये. टाके केवळ घट्ट बसण्यावर टिकलेले असतात, ते निसटले की घरटं उसवतं. अंडी साधारण 12 दिवसांत फुटतात, पिल्लं आणखी 14 दिवसांनी उडतात, म्हणून छाटणी महिनाभर पुढे ढकलावी. उडाल्यानंतरही सुरुवातीच्या रात्री पिल्लं आईबापांना चिकटून, वर पानांचा आडोसा असलेल्या बारीक फांदीवर झोपतात.