लॅपटॉपला ढोलकी ऐकू येत नाही

कोजागिरीला गंगेवर आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. (गोदावरीला गंगा म्हणणं ही नाशिककराची जुनी सवय.) मी ढोलकी वाजवतो. व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आणणं आम्हाला परवडत नाही, म्हणून ते लॅपटॉपमधून वाजतात. आमच्यात त्याला नुसतं ‘ट्रॅक’ म्हणतात. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात व्हायोलिनं पुढे निघून गेली आणि आम्ही मागे राहिलो. ताईंनी गाता गाता माझ्याकडे पाहिलं, मी कीबोर्डवाल्याकडे पाहिलं, त्यानं लॅपटॉपकडे. लॅपटॉपनं कुणाकडेच पाहिलं नाही.

चूक कुणाची, हे शोधायला घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसलो.

आवाज ऐकून हात हलवायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि चौपटीतला (एका मात्रेत चार) एक बोल १२५ चा. म्हणजे ठोका ऐकून मग थाप मारायची म्हटलं, तर एक अख्खा बोल हातातून गेलेला असतो. म्हणून वादक ठोक्याची वाट बघतच नाही, मेंदू पुढचा ठोका आधीच धरतो. टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसं काही मिलिसेकंद आधीच आपटतात आणि त्यांना ते कळतही नाही. मुरलेल्या वादकांत हा फरक कमी असतो. अंदाज चुकला, तर त्यातला थोडा भाग पुढच्या ठोक्यावर भरून निघतो.

दोन माणसं वाजवत असली की ही भरपाई दोन्हीकडून होते. मी थोडा पुढे गेलो तर बासवाला थोडा पुढे सरकतो, मी थोडा मागे येतो, आणि मध्ये कुठेतरी गाठ पडते. ट्रॅक मात्र तसूभरही सरकत नाही. शिवाय आपल्याकडे लय चढणं हा काही दोष नाही. विलंबितातून द्रुतात जाणं हा तर मैफलीचा कणा आहे. पण ट्रॅक तयार करतानाच चढ घातला नसेल, तर तो चढत नाही.

तरीही त्या रात्रीचा घोटाळा आणखी वेगळा होता. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. दहा मीटरच्या स्टेजवर २९ मिलिसेकंदांचा फरक पडतो, तो कसाबसा सांभाळता येतो. पण समोर ३० मीटरवर दगडी भिंत असेल, तर आवाज जाऊन परत यायला १७५ मिलिसेकंद लागतात. मूळ आवाजानंतर ३०-४० मिलिसेकंदांत आलेला पडसाद कान त्या आवाजातच मिसळून टाकतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांचा यावरचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. १७५ मिलिसेकंदांनी आलेला पडसाद मात्र वेगळाच ऐकू येतो.

आता मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून, आम्ही त्यांच्या मागे. १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास, तो खोक्याला वळसा घालून मागे येतो. ३,००० हर्ट्झचा खणखणीत आवाज जेमतेम ११ सेंटीमीटरचा, तो सरळ पुढे जातो. त्यामुळे माझ्यापर्यंत थेट येत होती नुसती घुमघुम, आणि व्हायोलिनची स्वच्छ धार येत होती घाटावरच्या भिंतींवर आपटून. माझ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचा, आवाजही बारीक होता. म्हणजे व्हायोलिनं पुढे गेलीच नव्हती. मी त्यांच्या पडसादाबरोबर वाजवत होतो आणि बाकीचे माझ्याबरोबर!

यावर उपाय म्हणजे कानात इअरफोन आणि त्यात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक. स्वस्तातली युक्ती अशी: फाइलच्या डाव्या बाजूला क्लिक, उजव्या बाजूला संगीत. डावी आमच्या कानात, उजवी लोकांना. एका हॉलमध्ये दोन्ही बाजू बाहेर गेल्या आणि अख्ख्या भावगीतात टिकटिक ऐकू आली. पहिल्या रांगेतले आजोबा मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघत होते.

दुसरा सापळा नमुन्यांच्या आकड्याचा. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन केलेली फाइल यंत्रानं ४८,००० च्या वेगानं वाजवली, तर लय जवळजवळ ९ टक्के वाढते आणि पट्टी सुमारे दीड अर्धस्वर चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. तिथं पेटीला पट्टीच नाही.

ट्रॅक म्हणजे फसवणूक का, असं लोक विचारतात. १९८९ मध्ये मिली व्हॅनिली या पॉप गायक-जोडीचा ट्रॅक भर कार्यक्रमात अडकला. गाणी त्यांनी गायलेलीच नव्हती हे पुढच्या वर्षी उघड झालं आणि त्यांचं ग्रॅमी पारितोषिक काढून घेतलं गेलं. ते योग्यच झालं. पण तानपुऱ्याचं यंत्र तर भल्याभल्यांच्या मैफलीत असतं आणि त्याला कुणी नाक मुरडत नाही. माझ्या मते व्हायोलिन यंत्रातून चालेल, गळा नाही.

हल्ली ट्रॅक सुरू करायचं पेडल माझ्या पायाशी असतं. शेवटची गवळण मात्र ट्रॅकशिवाय होते. तेव्हा मी इअरफोन काढून खिशात टाकतो आणि ताईंकडे बघतो.