शाळा-पालक संपर्क

शाळा-पालक संपर्क : विद्यार्थ्यांचे कुटुंब व शाळेच्या परिसरातील समाज यांच्याशी शाळेने माहिती, सल्ला आणि कारभारातील सहभाग या मार्गांनी राखावयाचा संबंध. पालकसभा, प्रगतिपुस्तक, गृहभेट व स्नेहसंमेलन ही त्याची सर्वपरिचित साधने होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांमध्ये या संबंधाला संस्थात्मक रूप कसे येत गेले, याचा विचार केला आहे.

या व्यवस्थेचे मूळ कोठे धरावे, याविषयी एकमत नाही. पालक-शिक्षक संघाचा उगम सामान्यतः अमेरिकेत दाखविला जातो. ॲलिस मॅक्लेलन बर्नी व फीबी ॲपर्सन हर्स्ट यांनी फेब्रुवारी 1897 मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन केलेली मातांची राष्ट्रीय परिषद हे त्याचे पूर्वरूप होय. शहरी शाळांतील संघांचे नाव व घडण पाहता हे मत त्यांच्यापुरते ग्राह्य वाटते. ग्रामीण शाळांच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. मुंबई इलाख्यात 1850 च्या दशकाच्या मध्यास, शिक्षकाच्या पगाराचा सुमारे निम्मा भाग गावाने उचलावा व उरलेला सरकारने द्यावा, अशा अटीवर मराठी शाळा काढण्याचा प्रयोग झाला. त्यात शाळा हवी की नको, हे काही अंशी तरी गावाच्या संमतीवर अवलंबून होते. 1860 च्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड (स्थानिक कामांसाठीचा उपकर) बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला, तेव्हा गावाचा पैसा शाळेला पूर्वीप्रमाणेच मिळत राहिला, परंतु तो सरकारी तिजोरीतून फिरून येऊ लागल्याने देणारा गावकरी व शिकविणारा शिक्षक यांच्यातील प्रत्यक्ष व्यवहार क्षीण झाला असावा. ग्रामीण शाळासमित्यांची परंपरा या टप्प्यापासून मोजणे अधिक सयुक्तिक ठरते.

सक्तीच्या शिक्षणाने या संबंधाला वेगळे वळण दिले. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संस्थानभर, तर कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. दोन्ही ठिकाणी मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती; म्हणजे शाळेकडून घरी येणारा संदेश बव्हंशी ताकिदीचा होता. याउलट गिजुभाई बधेका (1885–1939) यांच्या भावनगर येथील बालशिक्षणाच्या कार्यात पालकांचे प्रबोधन हे शिक्षणाचेच अंग मानले गेले, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (1892–1973) यांनी तो विचार महाराष्ट्रात आणला. त्यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह काम करताना आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच पाड्यावरील अंगणात न्यावी, ही पद्धत त्यांनी रूढ केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा हा त्याच विचाराचा विस्तार होय. समाजाला शाळेत बोलावण्याऐवजी शाळेने समाजात जावे, ही दिशा नंतरच्या समितीप्रधान योजनांत फारशी टिकली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची स्थापना (1962), राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (1986) आणि पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती यांमुळे ग्राम शिक्षण समित्यांना आधार मिळाला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 रोजी अंमलात आल्यावर त्यांची जागा शाळा व्यवस्थापन समितीने घेतली. अधिनियमाच्या कलम 21 नुसार समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि वंचित गट व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असावे. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे होत. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो व मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतो. 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित तसेच अल्पसंख्याक शाळांतील समितीचे कार्य सल्लागार स्वरूपाचे ठरविण्यात आले. समितीपेक्षा कमी चर्चिली गेलेली तरतूद कलम 24 मध्ये आहे : पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती यांची माहिती देणे हे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकाने मुलाला शाळेत दाखल करणे हेही कर्तव्यच मानले आहे. तथापि संस्थानी कायद्यांत होता तसा दंड त्यासाठी नाही.

खाजगी विनाअनुदानित शाळांना कलम 21 लागू नाही. तेथे पालक-शिक्षक संघाला महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 मुळे वैधानिक स्थान मिळाले असून, त्याच्या कार्यकारी समितीपुढे शुल्काचा प्रस्ताव ठेवावा लागतो; त्यामुळे तेथील संवाद बराचसा शुल्काभोवतीच केंद्रित झालेला आढळतो.

प्रत्यक्ष व्यवहारात सभेची वेळ, स्थलांतर व भाषा या अडचणी प्रमुख आहेत. दिवसा शाळेच्या वेळेत भरणारी सभा म्हणजे मजुराला एका दिवसाच्या मजुरीचे नुकसान असते. बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे बाहेर पडतात, आणि समितीतील पालक-सदस्यही त्यांत असू शकतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे चालविण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आल्याने तेथे संपर्काचा प्रश्न आजी-आजोबांपर्यंत पोचतो. मेळघाटात कोरकू, तर नंदुरबारकडे भिली व पावरी बोलणाऱ्या घरांत लेखी मराठी सूचनेपेक्षा गृहभेट अधिक उपयोगी ठरते. अलीकडे व्हॉट्सॲप गटांचा वापर सार्वत्रिक झाला आहे. त्यावरील सूचना बहुधा एकतर्फी असतात आणि घरातील एकमेव फोन दिवसभर कामावर गेलेल्या व्यक्तीजवळ असल्यास त्या रात्रीच वाचल्या जातात.