उरलेलं, उष्टं आणि ‘जादा’: कोल्हापुरातल्या अन्नबचतीची पार्श्वभूमी

मंगल कार्यालयातली शेवटची पंगत उठते तेव्हा दुपारचे साडेतीन-चार वाजलेले असतात. मसालेभाताचं अर्धं पातेलं, पुऱ्यांची टोपली, जिलेबीची परात शिल्लक. केटरर ताटामागे दर लावतो आणि ताटांचा किमान आकडा आधीच ठरवून घेतो, म्हणजे हिशेबानं हे अन्न यजमानाचं. पण यजमान पाठवणीच्या गडबडीत. त्याच्याकडे ना डबे, ना गाडी, आणि मे महिन्यात भात तेवढा वेळ थांबत नाही. उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेण्याचे शहरातले प्रयत्न प्रामुख्याने याच तासाभोवती फिरतात. (मटणाच्या जेवणात हा प्रश्न फारसा येत नाही. रस्सा उरत नाही.)

संस्थानकाळात अडचण उलटी होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात दरबारला स्वस्त धान्याची दुकानं उघडावी लागली. राधानगरी धरणाचा विचारही पुढच्याच दशकातला. स्वातंत्र्यानंतर रेशन आलं. १९६५ मध्ये देशाला आठवड्यातून एक जेवण सोडण्याचं आवाहन झालं, टंचाईच्या वर्षांत समारंभातल्या पाहुण्यांच्या संख्येवर काही राज्यांत बंधनं आली. तेव्हा बचत म्हणजे मुळात कमी शिजवणं. तो मार्ग आज फारसं कुणी सुचवत नाही, कारण त्यात यजमानाची शोभा कमी होते.

खरा गुंता शब्दाचा आहे. ताटात राहिलेलं ते उष्टं, भांड्याला लागलेलं खरकटं, कालचं ते शिळं आणि पातेल्यात राहिलेलं ते उरलेलं. सरकारी भाषेत या चौघांची एकच ‘नासाडी’ होते. गावगाड्यात मात्र पंगतीमागचं उष्टं काही जातींच्या वाट्याला ढकललं जाई. १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद याच संस्थानातल्या कागल जहागिरीत भरली, आणि १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी, फेकलेले तुकडे खाणं सोडा, असं आवाहन केलं. त्यामुळे एखादी वस्ती कार्यालयातलं अन्न नाकारते तेव्हा तिला माजोरी म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा. अन्न देणाऱ्याला ‘उरलेलं’ आणि ‘उष्टं’ यांतला फरक बारीक वाटतो, घेणाऱ्याला तो बारीक वाटत नाही.

२०१९ मध्ये केंद्रीय पातळीवर अतिरिक्त अन्नाच्या वितरणाचे नियम आले, त्यांनी हीच रेघ कायद्यात ओढली: न वापरलेलं, खाण्यास सुरक्षित असेल तेच वाटायचं, ते वेगळं ठेवायचं, त्यावर माहितीची चिठ्ठी लावायची. कार्यकर्त्यांच्या तोंडी आलेला ‘जादा अन्न’ हा शब्द म्हणूनच बरा. बुफेनं पुन्हा घोळ केला. पंगतीत आग्रह वाढपी करायचा, आता माणूस स्वतःच स्वतःला आग्रह करतो आणि पातेल्यातलं जादा ताटात जाऊन उष्टं होतं.

२०१९ च्याच ऑगस्टमध्ये पुरात पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या पातळीच्या खूप वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, जिल्ह्यातलं दूध पुण्या-मुंबईला जाईना. वाया जाण्याचं कारण इथं आग्रह नव्हता, रस्ता होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. तरी लाईन बाजारातल्या ‘झूम’ या कचरा डेपोच्या ढिगाला कार्यालयांची ओळख आहेच.

चर्चा कार्यालयांचीच होते. पण संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारतात घरांतूनच माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ‘प्राधान्य’ गटातल्या रेशन कुटुंबाला मिळणारं धान्य माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे वर्षाला ६०. तुलना सरळ नाही, कारण पहिल्या आकड्यात ओलं वजन आणि सालं-देठंही आहेत. पण घराघरातल्या त्या ५५ किलोंसाठी दुपारी चार वाजता कुणाची गाडी येत नाही.